उजवा हात, डावा हात

भरतीची जाहिरात लागली की पंधरा दिवसांत तालुक्याच्या गावातल्या त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. खरूज, नायटा, मुरुमे यांच्या रांगेत बारीक केस कापलेली, अकॅडमीचा टी-शर्ट घातलेली पोरे दिसू लागतात. बाही वर करायच्या आधीच प्रश्न येतो, "डॉक्टर, मेडिकलपर्यंत निघंल ना?" मेडिकल महिन्यावर आलेली असते. उजव्या हाताच्या आतल्या बाजूला ठसठशीत त्रिशूळ असतो. कुठल्याशा जत्रेत, मित्रांच्या नादाने, बॅटरीवर चालणाऱ्या मशीनने काढून घेतलेला.

पोराबरोबर कधीकधी आजी येते. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके असतात, हातावर तुळस, विंचू आणि आता विस्कटून ओळखू न येणारे आणखी काहीबाही. दिव्याची काजळी काळीच होती, पण त्वचेच्या खोल थरातून ती हिरवट-निळी दिसते, म्हणून आजीचे गोंदण 'हिरवे'. नातवाच्या केसपेपरवर 'टॅटू रिमूव्हल' असे लिहिले जाते. आजीला त्याच दिवशी खाज दाखवायची असली, तर तिच्या केसपेपरवर खाज येते, गोंदण येत नाही. ते कुणाला दिसतच नाही.

एकाच बाकावरच्या या दोन हातांबद्दल आपल्या व्यवसायात फारसे बोलले जात नाही. गोंदलेल्या माणसाबद्दल समाजाचे मत एक नाही, हे खरे तर सांगायला नको. ते मत चित्र पाहून फार क्वचित ठरते. चित्र कुणाच्या अंगावर आहे आणि सुई कुणाच्या हातात होती, यावर ते ठरते. म्हातारीची तुळस ही संस्कृती, कॉलेजातल्या मुलीच्या मानेवरचे फुलपाखरू म्हणजे थेर, क्रिकेटपटूचा खांद्यापासून मनगटापर्यंत रंगलेला हात म्हणजे स्टाइल, आणि तसाच हात रिक्षावाल्याचा असला की प्रवासी पुढची रिक्षा बघतो. सहा डिसेंबरला दादरला किंवा दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीवर 'जय भीम' गोंदवून घेणाऱ्याला ते हातावर का हवे हे नेमके ठाऊक असते. त्याच दोन शब्दांनी आपली जात मुलाखतीत आपल्या आधी टेबलावर पोचते, हेही त्याला ठाऊक असते. तरी तो बाही वर करून बसतो.

आता भरतीचे नियम पाहा, कारण आपल्याकडची बरीच मंडळी मेडिकल बोर्डावर बसतात. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला कायमचे गोंदण चालते. सरकारने आदिवासी म्हणून घोषित केलेल्या भागांतील आणि जमातींतील उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाची सूट आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत मजकूर, जागा आणि आकार अशा तीन कसोट्या लावतात. धार्मिक चिन्ह किंवा नाव असेल तर हरकत नाही. हाताच्या आतल्या बाजूला चालेल, पण फक्त डाव्या, कारण उजव्या हाताने सलाम करायचा असतो. आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. म्हणजे बाकावरच्या पोराचा त्रिशूळ सैन्यात पास आणि सीमा सुरक्षा दलात नापास. त्याच्या जोडीदाराने तोच त्रिशूळ, त्याच मशीनवर, डाव्या हातावर काढलेला असला तर दोन्हीकडे पास. एक चतुर्थांश मोजायचे कसे, हे ज्याला बोर्डावर बसून ठरवावे लागले आहे त्यालाच विचारावे. वर्तुळाकार नक्षीत मधली मोकळी कातडी धरायची की सोडायची?

या नियमांमागे काहीच विचार नाही असे नाही. देवाचे चिन्ह अंगावर आहे म्हणून कुणाला नाकारू नये, इतका समंजसपणा त्यांत आहे. आदिवासींची सूट तर योग्यच आहे. मात्र महाराष्ट्रात गोंदणाची चाल अनुसूचित जमातींपुरती कधीच नव्हती. भटक्या-विमुक्तांत, शेतकरी घरांत, कुणब्या-मराठ्यांत, बलुतेदारांत सगळीकडे ती होती. मेल्यावर अंगावरचा डाग उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, असे बायका सांगत आणि लग्नाआधी पोरीला गोंदणारणीपुढे बसवत. पसाभर जोंधळ्यात काम व्हायचे. ज्या आजीची जमात यादीत आहे तिच्या नातवाचे गोंदण 'रूढी', आणि शेजारच्या गल्लीतल्या आजीच्या नातवाचे मात्र चतुर्थांशाच्या फुटपट्टीखाली.

२०१७ मध्ये सोलापूरच्या एका तरुणाचे असेच प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीत उजव्या हातावरच्या धार्मिक गोंदणावरून तो अपात्र ठरला होता. त्याने ते बरेचसे काढूनही घेतले होते, उरलेले जात नव्हते. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. 'उरलेले जात नव्हते' या तीन शब्दांपाशी आपण जरा थांबायला हवे, कारण तिथे प्रश्न थेट आपल्या टेबलावर येतो.

काळ्या शाईला क्यू-स्विच्ड एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर. आपल्या सावळ्या-काळ्या त्वचेला त्यातल्या त्यात हीच तरंगलांबी मानवते, कारण मेलॅनिन ती कमी शोषते. किरण शाईच्या कणांचा चुरा करतात, आणि तो चुरा उचलून न्यायचे काम शरीराच्या पेशी त्यांच्या सवडीने करतात. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे. हौशी हाताने काढलेले गोंदण लवकर फिके पडते, स्टुडिओतल्या दाट कामाला आठ-दहा सिटिंग सहज लागतात. हिशेब मांडला तर वर्ष जाते. महिन्यावर मेडिकल असलेल्या पोराला 'होऊन जाईल' म्हणणारा डॉक्टर त्याला काय विकतो आहे? ज्यांना घाई असते ते अंतर कमी करून घेतात, ऊर्जा वाढवून घेतात आणि काळ्या त्रिशूळाच्या जागी पांढरा त्रिशूळ घेऊन जातात. कधी तिथे फुगीर केलॉइड उठतो. भ्रूरेषेच्या किंवा ओठांच्या रंगातले आयर्न ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड लेझरने उजळण्याऐवजी काळे पडतात, हेही बऱ्याच जणांना पहिल्या तक्रारीनंतरच समजते. हे सगळे सांगून माघारी पाठवलेली पोरे मग काय करतात, तेही दवाखान्यात दिसतेच. चुना आणि धुण्याचा सोडा, ॲसिड, तापवलेला उलथना. जखम भरून येईपर्यंत भरती निघून जाते.

गोंदण काढण्याची पाळी मात्र सगळ्यांवर हौसेतून येत नाही. १७९७ च्या बंगाल रेग्युलेशनने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याची पद्धत लावली. तिला 'गोदना' हाच शब्द होता. कैदी केस पुढे ओढून, पागोटे खाली बांधून ती अक्षरे झाकत. १८४९ मध्ये ती शिक्षा बंद झाली. कागदावरून ती गेली, हातातून लगेच गेली नाही. १९९३ मध्ये अमृतसरमध्ये पोलिसांनी चोरीच्या संशयावरून पकडलेल्या चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असे गोंदले. त्या पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले. तेवीस वर्षे! तोवर आरशात काय दिसत असेल? १९७५ च्या 'दीवार'मध्ये बाप चोर असल्याचे पोराच्या हातावर लोक गोंदतात, तो प्रसंग प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावा लागला नव्हता. गोंदणाने माणसाला डागता येते, हे आपल्याकडे सर्वांना आधीपासून ठाऊक होते.

आणि याच्या उलटही आपल्या शेजारी घडले. छत्तीसगडमधल्या रामनामी पंथातल्या दलितांना देवळात शिरू देत नव्हते, तेव्हा त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रामाचे नाव चेहऱ्यासकट सगळ्या अंगावर गोंदवून घेतले. आता त्यांच्यातल्या तरुणांना कामासाठी शहरात जायचे असते, आणि ती मुले अंगभर गोंदवून घ्यायला तयार होत नाहीत. देवळाचे दार उघडले, पण कामाच्या ठिकाणी गोंदलेल्या चेहऱ्याची पंचाईत आहे.

सुई कोणी धरावी, या वादात आपला धंदा दोन देशांत कोर्टापर्यंत गेला. जपानमध्ये गोंदण म्हणजे याकुझा, अशी समजूत घट्ट आहे. गरम पाण्याच्या कित्येक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्या माणसाला आजही प्रवेश मिळत नाही. तिथे ओसाकाच्या एका टॅटूकारावर वैद्यकीय परवाना नसताना वैद्यक केल्याचा खटला भरला गेला. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोंदणे म्हणजे वैद्यकीय कृती नव्हे असा निकाल दिला. दक्षिण कोरियात १९९२ च्या निकालापासून फक्त डॉक्टरला गोंदायची मुभा होती. सगळे टॅटूकार त्यामुळे कायद्याने गुन्हेगार, आणि त्यांच्याकडे जाणारे गिऱ्हाईक मात्र वाढतेच. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने डॉक्टर नसलेल्यांना परवाना देणारा कायदा केला. आपल्याकडे देशभर लागू असा टॅटूकारांचा स्वतंत्र परवाना कायदा नाही. काही सहकाऱ्यांना सुई आपल्याच हातात राहावी असे वाटते. तीस वर्षे कोरियाच्या डॉक्टरांनी तेच केले आणि गोंदण तळघरात नेले. सुई दर गिऱ्हाइकाला नवी, शाईची वाटी दर गिऱ्हाइकाला वेगळी, ऑटोक्लेव्ह चालू, शाईच्या बाटलीवर घटक छापलेले आणि नगरपालिकेकडे नोंद, इतके झाले तरी जत्रेतल्या मशीनचे बरेचसे भय जाईल. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून शाईतल्या घटकांवर बंधने घातली आहेत. आपल्या संघटनांनी तो कागद मिळवून वाचावा, मक्तेदारीच्या ठरावापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

शिवाय ही सुई आपण स्वतः चालवतोच की. कोडाचा ओठावरचा पट्टा औषधाला दाद देत नाही तेव्हा मायक्रोपिगमेंटेशन करून त्यात रंग भरतो, ते गोंदण नाही तर काय आहे? किरणोपचार विभागात दर वेळी झोत नेमका त्याच जागी पडावा म्हणून रुग्णाच्या छातीवर किंवा पोटावर ठिपके गोंदतात. स्तनाचा कर्करोग बरा झालेल्या बाईच्या अंगावर ते तीन-चार ठिपके जन्मभर राहतात. तिला कुणी त्याबद्दल विचारत नाही, कारण ते डॉक्टरने काढलेले असतात.

रक्तदान शिबिरातली गोष्ट वेगळी नाही. 'टॅटू आहे? मग चालणार नाही' असे सांगून स्वयंसेवक माणसाला रांगेतून बाजूला काढतात आणि तो जन्मभर परत येत नाही. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांप्रमाणे गोंदल्यापासून बारा महिने थांबायचे असते. सुईतून येणाऱ्या काविळीच्या आणि एचआयव्हीच्या धोक्यासाठी ते थांबणे आहे, माणसाच्या चालचलणुकीचा त्याच्याशी संबंध नाही. शिबिराला बोलावणे आले की हा एक मुद्दा आधी सांगून ठेवावा.

दवाखान्यातली आपली स्वतःची वागणूक हा यातला सर्वांत अवघड भाग. कानामागे टॅटू असलेल्या मुलीला पुरळ झाले की लैंगिक संसर्गाचे प्रश्न आधी विचारले जातात. तेच पुरळ कपाळावर गोंदण असलेल्या बाईला झाले तर आधी साबण विचारला जातो. दोघींना दोन्ही प्रश्न विचारायला हवे होते. सोरायसिस, लायकन प्लॅनस आणि कोड गोंदणाच्या रेषेवर नेमके उठतात, लाल शाईची ॲलर्जी वर्षांनी जागी होते, सारकॉइडॉसिसची पहिली गाठ जुन्या गोंदणात सापडू शकते. आजीच्या तुळशीवरून बोट फिरवले तर ती उचललेली लागते का, हे दहा सेकंदांत कळते. त्यासाठी ती तुळस आधी दिसली पाहिजे.

या अंकासोबत एक सुटे पान आहे. पुढच्या तीन महिन्यांत दवाखान्यात आलेल्या गोंदलेल्या प्रत्येक रुग्णाची, मग तो कशासाठीही आलेला असो, त्यावर पाच रकान्यांत नोंद करावी : जागा, अंदाजे वर्ष, कुणाच्या हातून काढले, त्वचेवर आज काही बदल आहे का, आणि काढायचे असल्यास कुणाच्या सांगण्यावरून. पाचव्या रकान्यात 'स्वतःहून' लिहिण्याआधी रुग्णाला एकदा विचारावे. आजीचीही नोंद करावी. रुग्णाचे नाव कुठेही लिहू नये. भरलेली पाने मासिकाच्या पत्त्यावर साध्या टपालाने पाठवली तरी चालतील.