गोदीच्या फाटकाआड

पोलंडमधील ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार चळवळीच्या अहिंसेचे नाते थेट गांधीविचाराशी जोडण्याचा मोह आपल्याला होतो. त्यामुळे तिचे खरे मूळ मात्र नजरेआड होते.

डिसेंबर १९७० मध्ये खाद्यपदार्थांच्या भाववाढीविरुद्ध ग्दान्स्कचे गोदी कामगार रस्त्यावर उतरले. पक्षाची कचेरी पेटली. बाल्टिक किनाऱ्यावरील शहरांत झालेल्या गोळीबारात ४० हून अधिक माणसे मेली. १४ ऑगस्ट १९८० रोजी आन्ना वालेन्तिनोविच या क्रेनचालक स्त्रीच्या बडतर्फीवरून त्याच लेनिन गोदीत संप झाला, तेव्हा कामगार बाहेर पडलेच नाहीत. त्यांनी फाटके लावून घेतली, आत दारूबंदी केली आणि २१ मागण्या प्लायवूडच्या दोन फळ्यांवर लिहून फाटकावर टांगल्या. ही अहिंसा रक्त सांडल्यानंतर आलेले शहाणपण होते.

त्या फळ्यांवर पगारवाढ होती, मांसाचा पुरवठाही होता. परंतु पहिली मागणी स्वतंत्र कामगार संघटनेची, तर तिसरी भाषण आणि मुद्रणस्वातंत्र्याची होती. सत्ताधारी पक्षाचे नावच मुळी ‘पोलिश संयुक्त कामगार पक्ष’. ज्यांच्या नावाने ही सत्ता बोलत होती, तेच आता ‘आमचे आम्ही बोलू’ म्हणत होते. दंगल बंदुकीने मोडता येते. या विसंगतीवर बंदुकीचा इलाज नव्हता. सुमारे १ कोटी सभासद झालेली ही संघटना १३ डिसेंबर १९८१ च्या लष्करी कायद्याने दडपली गेली, वुयेक खाणीत ९ कामगार मारले गेले. तरी भूमिगत छापखाने चालूच राहिले.

कर्जबाजारी अर्थव्यवस्था आणि गोर्बाचेव्ह यांचे बदललेले धोरण यांचाही सत्तांतरात वाटा होता, हे मान्यच करायला हवे. पण जून १९८९ च्या निवडणुकीत सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकणारा पर्याय उभा होता, तो या कामगारांमुळे. पुढे १९९६ मध्ये तीच गोदी दिवाळखोरीत निघाली, हेही विसरता येत नाही. स्वातंत्र्याने भाकरीची हमी दिली नाही.

त्या फळ्या २००३ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समाविष्ट झाल्या. विद्रोही साहित्य शिकवताना आपण कविता आणि आत्मकथने निवडतो. फाटकावर टांगलेली ही मागण्यांची यादीही त्याच पंक्तीत बसवून वाचायला हवी, असे मला वाटते.