बोअर मोठा म्हणून नेम पक्का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून भिवंडीतली मुलेही मला विचारतात, "सर, सगळ्यात अचूक रायफल कोणत्या बोअरची?" बोअर मोठा तितका नेम पक्का, असे त्यांना वाटते. माझ्या मते हा समज मुळातच चुकीचा आहे.

स्वप्नीलचा ५० मीटरचा प्रकार .२२ बोअरचा, म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटरच्या गोळीचा. १० मीटर एअर रायफलचा छर्रा तर ४.५ मिलिमीटरचाच, आणि तिथे दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! लहान बोअरचा झटका कमी, त्यामुळे शरीर हलत नाही. स्पर्धेची .२२ गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा हळू ठेवतात. वाटेत तो वेग ओलांडून खाली येताना गोळी डळमळते.

कारखान्यातून आलेल्या एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांनाही वेगवेगळ्या लॉटची काडतुसे मानवतात. म्हणून मोठे नेमबाज रायफल घट्ट बांधून लॉट तपासून घेतात. भिवंडीकराला हे जड जाऊ नये. सुताचा काउंट बारीक असला म्हणून कापड चांगले निघत नाही. माग नीट लावलेला हवा आणि कारागिराचा हात बसलेला हवा.

'कॅलिबर' या शब्दाचे मूळ अरबी 'क़ालिब', म्हणजे साचा, असे मानतात. उर्दूत तो शब्द आजही आहे. साचा कोण ठरवतो, हा खरा प्रश्न. आपल्या देशात .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल रूढ झाली ती अचूकतेमुळे नव्हे. लष्कराची काडतुसे लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी .३०३ सामान्यांना नाकारली. पुढे स्वतंत्र भारतातही इछापूरच्या कारखान्याने .३१५ बनवली. तो बोअर भीतीने निवडला होता.

आपल्या मोहल्ल्यातही निवड भीतीच करते. "आपल्या पोराच्या हातात बंदूक? लोक काय म्हणतील?" असे पालक विचारतात. त्यांची काळजी मला कळते. आपल्या पोराकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल, हे त्यांना ठाऊक आहे. पण त्या काळजीपोटी मुलाला एका ऑलिम्पिक खेळापासून तोडणे मला पटत नाही. हदीसमध्ये तिरंदाजी शिकण्याला उत्तेजन आहे, हेही विसरू नये.

सुरुवात .१७७ एअर रायफलनेच करावी. २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या अशा रायफलला परवाना लागत नाही. खरेदी मात्र ओळखपत्र देऊन, पावती घेऊन करावी. सराव प्रशिक्षकासमोर, क्लबच्या रेंजवरच. दहा मीटरची सुरक्षित, बंदिस्त जागा आपल्या शाळांना आणि संस्थांना जड नाही. ती मिळाली तर मुले बोअर विचारणे सोडून श्वास रोखायला शिकतील.