फवारणीबरोबर निरीक्षणही हवे
डॉ. टी. रामचंद्र राव यांनी डॉ. विश्वनाथन यांच्यासमवेत १९४६ च्या सुमारास कारवार-धारवाड भागात घरोघर डी.डी.टी. फवारून हिवताप आटोक्यात आणून दाखविला. १९६५ पर्यंत देशातील रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. १९७६ मध्ये मात्र ती ६४ लाखांवर गेली. अन्य कारणांबरोबर डासांची प्रतिकारशक्तीही याच्या मुळाशी होती. फवाऱ्याने दुर्बळ डास मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. औषधाचा प्रभाव ही वापरागणिक झिजणारी सार्वजनिक पुंजी होय. तिचा हिशेब कीटकशास्त्रज्ञच ठेवू शकतो. त्याच्या वेतनात काटकसर करणे म्हणजे पुंजीच उधळणे. मुळशीतील जांब्यासारख्या शहरालगतच्या गावांत बांधकामांवरील उघड्या टाक्या डासांना आयते घर देतात. तेथे औषधाच्या डब्यांआधी डास तपासणारा माणूस पोहोचला पाहिजे.