मामाची एमजीबी आणि दाराखालचा पत्रा

तुमच्याही घरात असं एखादं माणूस असेल. बंद पडलेला मिक्सर, टिकटिक थांबलेलं घड्याळ, काहीही टाकायला काढलं की मध्ये पडणारं. ‘‘राहू दे, मी बघतो.’’ आमच्याकडे तो मान मामाचा. फक्त त्याने मिक्सरवर न थांबता सरळ गाडी आणली. तो इंग्लंडमध्ये राहतो आणि तीन वर्षांपूर्वी त्याने 1972 सालची एमजीबी रोडस्टर घेतली. दोन सीट, कापडी टप, लांब बॉनेट. ‘‘सहा महिन्यांत रस्त्यावर आणतो,’’ असं त्याने व्हिडिओ कॉलवर आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. मामी तेव्हाच हसली होती.

एमजीबी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावात बनत होती. टप असलेलं जीटी मॉडेल धरून पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या. घरच्या घरी जुनी स्पोर्ट्स कार उभी करायची तर नवशिके हिच्याकडेच वळतात, कारण आतलं सगळं साधं आहे आणि सुटे भाग अजून मिळतात. अगदी अख्खी नवी बॉडीसुद्धा 1988 पासून तिथे विकत मिळते. त्यामुळे मामाला वाटलं, अवघड काय आहे?

अवघड काय ते पहिल्या महिन्यात कळत नाही. कारण पहिला महिना उघडण्याचा असतो आणि उघडण्यासारखं सुख नाही. रोज संध्याकाळी काहीतरी सुटतं, गॅरेज भरत जातं, प्रगती होतेय असं वाटतं. तुम्ही कधी या वाटेला गेलात तर एवढं करा: प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, मग पिशवी, पिशवीवर नीट नाव. मामाच्या एका पिशवीवर लिहिलं होतं ‘इकडचे बोल्ट’. इकडचे म्हणजे कुठले, हे आता त्यालाही सांगता येत नाही. दुसरी गोष्ट पान्यांची. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, म्हणून आपला 13 चा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो. गंजलेल्या नटावर जोर लावला की तो फिरतो आणि नटाचे कोपरे गोल होऊन जातात. मग बसा छिन्नी घेऊन.

पण खरी गोष्ट दाराखाली होती.

या गाडीला खाली वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यात रोडस्टरला वर छतही नाही, म्हणजे पुढची चाकं आणि मागची चाकं यांच्यामधला भार मुख्यतः दाराखालच्या लांब, पोकळ पेटीवर येतो. तिला सिल म्हणतात. थंडीत बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर या पोकळीत जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत. मामाने स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आधीच्या कुणीतरी भोकांवर पुट्टी भरून वर रंग मारलेला होता.

मामाने घाई केली. पुढचा मागचा भाग स्टँडवर ठेवून त्याने एका बाजूची सिल कापून काढली, आणि मधल्या भागाला खालून काहीच आधार नसल्याने गाडी किंचित वाकली. किंचितच. पण दार बंद होईना. खरं तर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार लावून घ्यायचा असतो, दाराभोवतीची फट मोजून ठेवायची असते आणि पुढचं मडगार्डही काढायचं असतं, कारण सिलचं टोक त्याच्या मागे लपलेलं असतं. मामाने हे सगळं वाचलेलं होतं. वाचलेलं असणं वेगळं.

त्यानंतर चार महिने गाडीवर चादर होती. अशा किती गाड्या चादरीखालीच राहत असतील!

इथे मामीने एक प्रश्न विचारला. इंग्लंडमध्ये गाड्यांची दरवर्षी सरकारी तपासणी होते, पण 40 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना साधारणपणे ती सक्तीची नाही. ‘‘म्हणजे तू घरी जोडलेला पत्रा कोणीच बघणार नाही. आणि शेजारच्या सीटवर मी बसायचं?’’ मामाकडे उत्तर नव्हतं. त्याने संध्याकाळचा वेल्डिंगचा वर्ग लावला. टाकाऊ पत्र्याचे तुकडे जोडायचे, शिकंजात धरून वाकवायचे, जोड सुटला की पुन्हा. वर्षभराने फरशीचे पत्रे त्याने स्वतः बसवले. सिलसाठी मात्र अनुभवी वेल्डर बोलावला. त्याने गाडी मधून हळूहळू उचलत दाराची फट पूर्ववत आणली, आधार ठोकला आणि मगच नवा पत्रा लावला. मला विचाराल तर मामाने केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. आणि तपासणी सक्तीची नसली तरी तो ती करून घेणार आहे.

इंजिनाचं मात्र कौतुक सांगायलाच हवं. आजोबांची इंदूरला ॲम्बेसेडर होती. तिचं 1489 सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन आणि या गाडीचं 1798 सीसीचं इंजिन एकाच ब्रिटिश घराण्यातलं, बी-सिरीज म्हणतात तिला. लहानपणी आजोबांना पाने देत उभा राहणारा मामा बॉनेट उघडून म्हणाला, ‘‘अरे, हे तर आपलंच!’’ दोन कार्ब्युरेटर एकसारखी हवा ओढतात का, हे रबरी नळी कानाला लावून ऐकायचं असतं. दोन्हीकडची सूं सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. ते त्याला एका दुपारी जमलं.

तुमच्या अंगणात ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी उभी असेल आणि हात शिवशिवत असतील तर दोन-तीन गोष्टी घरच्यांसाठी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, स्टँड हवेतच. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा आणि पेट्रोलची टाकी गाडीतूनच काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच घातक, आत वाफ असते. जुन्या ब्रेकमधली धूळ फुंकर मारून उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. मुलं आसपास असतील तर मुळीच नाही. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्यांना मानवत नाही.

गेल्या महिन्यात मामाचा कॉल आला. काही न बोलता त्याने फोन गाडीच्या दाराजवळ धरला आणि दार नुसतं सोडून दिलं. टक. फट वरपासून खालपर्यंत एकसारखी. त्याने ते मला सहा वेळा ऐकवलं.

आता रंग बाकी आहे. मामीने हिरवा ठरवलाय, मामाला लाल हवाय.