तारीख बदलायचीही शेवटची तारीख हवी!

२२ जून २०२४. शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी नीट-पीजी, म्हणजे एमबीबीएस झालेल्यांची एमडी-एमएससाठीची प्रवेश परीक्षा. देशभरातले दोन लाखांहून जास्त डॉक्टर तयारीत होते. कुणी परक्या शहरात जाऊन लॉजवर उतरलेलं, कुणी अजून ट्रेनमध्ये, वरच्या बर्थवर पडून शेवटच्या नोट्स चाळत. हॉल तिकिटाची प्रिंट, ओळखपत्र, सगळं फाइलमध्ये लावून ठेवलेलं. आणि रात्री मोबाइल वाजायला लागले. उद्याची परीक्षा पुढे ढकलली आहे. नवी तारीख? लवकरच कळवू.

‘अरे फेक असेल, झोप,’ अशी अशा वेळी पहिली प्रतिक्रिया असते. यावेळी ते फेक नव्हतं.

त्याआधीच्या काही दिवसांत नीट-यूजीच्या निकालावरून देशभर गदारोळ सुरू होता. यूजीसी-नेट परीक्षा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली होती. त्या वातावरणात सरकारने खबरदारी म्हणून नीट-पीजी थांबवली. कारण समजण्यासारखं होतं. पण या एका परीक्षेचा प्रवास बघा. आधी तारीख होती ३ मार्च. मग ठरली ७ जुलै. मग ती अलीकडे ओढून २३ जून केली. ती आदल्या रात्री रद्द झाली आणि शेवटी पेपर झाला ११ ऑगस्टला. एका परीक्षेच्या चार तारखा! इंटर्नशिपची ड्युटी करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्याने नियोजन करायचं तरी कशाच्या भरवशावर?

मेडिकल प्रवेश परीक्षेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘पुढे ढकला’. दुसरा म्हणतो, ‘आता होऊन जाऊ द्या’. मग हॅशटॅग, ट्रेंड, याचिका आणि टीव्हीवरची भांडणं. या सगळ्यात मुख्य प्रश्न बाजूलाच राहतो. परीक्षा पुढे ढकलणं वाईटच असतं असं नाही, आणि वेळेवर घेणं योग्यच असतं असंही नाही. निर्णय किती आधी सांगितला, कारण काय दिलं आणि नवी तारीख सोबत दिली का, यावर विद्यार्थ्याचं सगळं अवलंबून असतं.

दोन्ही बाजूंनी किंमत मोजावी लागते, हे गेल्या काही वर्षांत आपण पाहिलंय.

२०२० मध्ये नीट-यूजी ३ मे रोजी होणार होती. करोनामुळे ती २६ जुलैवर गेली आणि तिथून १३ सप्टेंबरवर. आणखी पुढे न्या, अशी मागणी घेऊन विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ ऑगस्टला न्यायालयाने ती फेटाळली. मग महाराष्ट्रासह सहा राज्यांच्या मंत्र्यांनी फेरविचार याचिका केली, तीही ४ सप्टेंबरला फेटाळली गेली. परीक्षा झाली. एका वर्गात २४ ऐवजी १२ जण बसवले, केंद्रं वाढवली. मुंबईच्या लोकलमध्ये तेव्हा सर्वसामान्यांना प्रवेश नव्हता, परीक्षार्थींना हॉल तिकीट दाखवून प्रवास करू द्यावा लागला. नोंदणी जवळपास १६ लाखांची होती, प्रत्यक्ष बसले साधारण १३ लाख ६६ हजार. आदल्या वर्षी सुमारे ९३ टक्के मुलं हजर होती, त्या वर्षी साधारण ८५ टक्के. न आलेल्यांतला प्रत्येक जण करोनामुळेच आला नाही असं म्हणता येणार नाही. पण वर्षातून एकदाच होणारी परीक्षा हुकली की अख्खं वर्ष जातं, हे मात्र प्रत्येकाला लागू होतं. म्हणूनच करोनाच्या निर्बंधांमुळे ज्यांना बसता आलं नाही, त्यांच्यासाठी १४ ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा घेतली गेली, हे चांगलं झालं.

आता दुसरी बाजू. २०२१ ची नीट-पीजी १८ एप्रिलला होती. दुसरी लाट उसळली आणि तीन दिवस आधी, १५ एप्रिलला, ती पुढे गेली. डॉक्टर कोविड वॉर्डांत हवे होते, त्यामुळे हा निर्णय चूक होता असं कुणी म्हणणार नाही. पण परीक्षा थेट ११ सप्टेंबरला झाली. त्यानंतर आरक्षणाच्या वादात काउन्सिलिंग अडकलं. सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली ७ जानेवारी २०२२ रोजी. तोवर सरकारी हॉस्पिटलांमध्ये निवासी डॉक्टरांची अख्खी नवी बॅच आलीच नव्हती. तीन बॅचचं काम दोन बॅचनी ओढलं. डिसेंबरमध्ये दिल्लीत निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, ते यासाठीच. ओपीडीच्या रांगेत ताटकळलेल्या पेशंटला यातलं काही ठाऊक नसेल, पण त्या परीक्षेच्या तारखेची झळ त्यालाही बसली.

आणि एकदा गाडी चुकली की पुढच्या सगळ्या गाड्या चुकतात. २०२२ ची परीक्षा १२ मार्चवरून २१ मेवर गेली. आधीच्या वर्षाचं काउन्सिलिंग लांबल्यामुळे ती आणखी पुढे न्या, अशी मागणी झाली. १३ मे रोजी न्यायालयाने नकार दिला. आणखी उशीर झाला तर गोंधळ वाढेल, रुग्णसेवेवर परिणाम होईल आणि तयारीत असलेल्या लाखोंवर अन्याय होईल, असा त्यामागचा विचार होता. परीक्षा ठरल्या दिवशी झाली आणि १ जूनला, म्हणजे अवघ्या ११ दिवसांत, निकालही लागला. मनात आणलं तर यंत्रणेला वेळ पाळता येते, हे त्यातून दिसलं.

२०२५ मध्ये थोडा फरक पडला. नीट-पीजी १५ जूनला दोन सत्रांत होणार होती. दोन सत्रांत दोन वेगळे पेपर म्हणजे काठिण्यपातळी वेगळी, म्हणजे अन्याय, असा विद्यार्थ्यांचा आक्षेप होता. न्यायालयाने तो ३० मे रोजी मान्य केला आणि एकाच सत्रात परीक्षा घ्या असं सांगितलं. तेवढी केंद्रं उभी करायला वेळ लागणार म्हणून ६ जूनला ३ ऑगस्ट ही नवी तारीख मंजूर झाली. कारण स्पष्ट होतं, निर्णय दोन आठवडे आधी कळला आणि आठवड्याभरात नवी तारीख हातात आली. २०२४ मध्ये रात्रीत परीक्षा गेली आणि नवी तारीख कळायला ५ जुलै उजाडला. दोन्ही वेळा परीक्षा ‘पुढे ढकलली’ असंच म्हटलं गेलं. पण विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेले दिवस किती वेगळे होते!

अमेरिकेत मेडिकलला जाणाऱ्यांना एमकॅट द्यावी लागते. ती जानेवारी ते सप्टेंबरदरम्यान अनेक तारखांना होते. तयारी झाली नसेल तर विद्यार्थी स्वतःची तारीख बदलू शकतो. पण कधीपर्यंत? परीक्षेच्या १० दिवस आधीपर्यंत. जितका उशीर कराल तितके पैसे जास्त. त्यानंतर बदल नाही. आपली परीक्षा वर्षातून एकदा, एकाच दिवशी लाखोंची होते. त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी इथे आणता येणार नाही. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: तारीख बदलण्यालाही शेवटची तारीख असते, आणि ती सगळ्यांना आधीपासून माहीत असते.

आपण मागायला हवं ते हेच. परीक्षेची तारीख जाहीर करतानाच, अमुक दिवसानंतर प्रशासकीय कारणासाठी तारीख हलणार नाही, हे लिहून द्या. पेपरफुटी, साथ, पूर असं खरंच काही घडलं आणि थांबवावीच लागली, तर कारण स्पष्ट सांगा आणि ठरावीक दिवसांत नवी तारीख द्या. आणि आदल्या दोन-तीन दिवसांत परीक्षा रद्द झाली, तर बाहेरगावी पोचलेल्या परीक्षार्थीचा प्रवासखर्च कुणी सोसायचा, तेही आधी ठरवा. लातूरला किंवा नांदेडला रूम घेऊन राहणाऱ्या नीट-यूजीच्या पोराला विचारा. परीक्षा महिनाभर लांबली की एक महिन्याचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी वाढते. ज्याच्या घरी परवडतं त्याला तो महिना रिव्हिजनचा वाटतो. ज्याला परवडत नाही तो बॅग भरून गावी परततो आणि घरच्या कामात अडकतो. तारीख सगळ्यांची सारखीच पुढे जाते, पण सगळ्यांना सारखी पुढे नेत नाही.

काहीजण म्हणतील, संकट काय विचारून येतं का? नाही येत. पण संकट आल्यावर कोण, किती तासांत, काय सांगणार, हे आधी ठरवता येतं. इमर्जन्सी वॉर्डात रोज हेच करतात की. पेशंट कधी येईल माहीत नसतं, तो आल्यावर कुणी काय करायचं हे मात्र ठरलेलं असतं. डॉक्टर निवडणाऱ्या परीक्षेकडून एवढी अपेक्षा ठेवणं काही फार नाही.

आता थोडं आपल्याबद्दलही बोलू. खरं सांगा, परीक्षेला पंधरा दिवस उरले की ‘पुढे गेली तर बरं’ असं कुणाला वाटत नाही? फिजिक्सचे दोन चॅप्टर राहिलेले असतात, मॉक टेस्टचे मार्क हलत नसतात. तसं वाटणं साहजिक आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या भीतीला अन्यायाचं लेबल लावून ट्रेंड चालवला की पुढे खऱ्या अन्यायाची तक्रारही कुणी गंभीरपणे घेत नाही. दोन सत्रांच्या मुद्द्यावर २०२५ मध्ये विद्यार्थी जिंकले, कारण त्यांच्याकडे युक्तिवाद होता. अभ्यास झाला नाही, हा युक्तिवाद होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर ‘पोस्टपोन’चा मेसेज फिरायला लागला की फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला एकच विचारा: माझा अभ्यास पूर्ण झाला असता, तरी मी हीच मागणी केली असती का? उत्तर ‘हो’ असेल, तर बिनधास्त बोला, सही करा, लढा. ‘नाही’ असेल, तर फोन बाजूला ठेवा आणि राहिलेला चॅप्टर उघडा.