मोडीला संकेतांक मिळाले. वाचक कोण देणार?

१/ सप्टेंबर २०२४ मध्ये युनिकोडच्या सोळाव्या आवृत्तीने प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत ३,९९५ चिन्हांची भर घातली. पहिली १,०७१ चिन्हे २००९ मध्येच आली होती. या वार्तेचे कौतुक अवश्य व्हावे. त्यानंतर मात्र मराठी मुलखाने स्वतःच्या दफ्तराकडे पाहावे.

२/ मोडीलाही जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान लाभले. चिन्हे अवघी ७९. तेव्हापासून ‘मोडी वाचली’ असा एक समज रूढ झाला. मोडी तगली, एवढेच खरे. ती वाचली जात नाही.

३/ संकेतांक म्हणजे संगणकासाठी अक्षराला दिलेला क्रमांक. तो टंकलिखित अक्षराला मिळतो, कागदाच्या छायाचित्राला नव्हे. स्कॅन केलेले मोडी पत्र संगणकाच्या लेखी केवळ चित्र असते. त्यात गावाचे नाव शोधता येत नाही.

४/ मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, संक्षेप पावलोपावली येतात. ही गाठ जाणता वाचकच सोडवतो. इजिप्तच्या बाबतीत १८२२ मध्ये शांपोल्यॉंने वाचनाची वाट उघडली. वाचकांच्या पिढ्या घडल्या आणि मग संकेतांक आले. महाराष्ट्रात क्रम उलटा झाला: संकेतांक आले आणि वाचक विरळ झाले.

५/ हानी कोणाची? धाराशिव जिल्ह्यातील माकणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. अशा गावांच्या जुन्या नोंदी मोडी, उर्दू, फारसी अशा लिपी-भाषांत विखुरल्या आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची गरज भासली. जुन्या नोंदीतील एका शब्दावर कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो. लिपीचे अज्ञान हा मग केवळ अभ्यासकांचा प्रश्न उरत नाही.

६/ ‘आता यंत्रच वाचील’ हा युक्तिवाद अपुरा आहे. यंत्राला शिकवण्यासाठी माणसाने अचूक वाचलेली हजारो पाने लागतात, आणि यंत्राची चूक ओळखण्यासाठीही वाचकच लागतो.

७/ म्हणून प्रत्येक स्कॅनसोबत मोडी आणि देवनागरी अशी दोन्ही लिप्यंतरे टंकलिखित स्वरूपात प्रसिद्ध व्हावीत. मोडीचे शिक्षण हौशी वर्गांवर न सोडता इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात अनिवार्य करावे. ज्या इतिहासाच्या पदवीधराला स्वतःच्या गावचा कागद वाचता येत नाही, त्याची पदवी अपुरीच आहे.