कराचे नाव व कराचे कलम

एकाच कराला तीन नावे दिली म्हणजे लोकमतही तीन प्रकारचे होते, हे आमच्या शेतकरी बंधूंनी ओळखून असावे. मयताच्या मिळकतीवरील कराचेच पाहा. 'संपदा शुल्क' म्हटले की तो धनिकांचा प्रश्न वाटतो. 'वारसा कर' म्हटले की आपल्या मुलाबाळांचा वाटतो. आणि 'मृत्युकर' म्हटले की सरकारने तिरडीवरच हात टाकला असे वाटते. कलम मात्र एकही बदललेले नसते.

आपल्या देशात हा कायदा सन 1953 मध्ये झाला. पुढे त्याचा दर 85 टक्क्यांपर्यंत चढला. पण तो 20 लाखांवरील भागापुरताच. 'सरकार शंभरातले पंच्याऐंशी नेते' हे वाक्य खोटे नव्हे, परंतु अर्धे आहे. उत्पन्न अवघे 20 कोटींच्या घरात व त्या मानाने वसुलीचा खर्च फार, म्हणून सन 1985 मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला. आज असा कर नाही.

एप्रिल 2024 च्या निवडणुकीत श्री. सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा दाखला दिला. त्यांच्या पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत ठरविले. प्रतिपक्षाने त्यास मरणोत्तर लूट म्हटले. त्या वर्षी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कर सुमारे 1 कोटी 36 लाख डॉलरांपर्यंतच्या मिळकतीस लागत नव्हता, ही गोष्ट घोषणेत मावणारी नव्हती.

त्याच सुमारास बोळिंजचे एक केळीबागायतदार प्रस्तुत लेखकाकडे आले. वडील वारून वर्ष होत आले, तरी वारसनोंद केलेली नव्हती. "भाऊसाहेब, फेरफार घातला तर अर्धी वाडी सरकारजमा होईल ना?" वारसनोंद म्हणजे कर नव्हे, हे समजाविण्यात आमची दुपार गेली. एका शब्दाच्या धाकाने नोंद राहते, व राहिलेल्या नोंदीतून भाऊबंदकी उभी राहते.

आम्ही कराची वकिली करीत नाही. आमच्या गावी इमारतींमुळे वाडीचे मोल चढले, उत्पन्न मात्र केळीचेच राहिले. उद्या असा कर आलाच तर सूट कितीपर्यंत, आकारणी भावावर की उत्पन्नावर, आणि शेतजमीन धरली की वगळली, हे तीन प्रश्न विचारावेत. राज्यघटनेने शेतजमिनीवरील संपदा शुल्क राज्यांच्या सूचीत ठेवले आहे. तेव्हा शेतजमिनीचा प्रश्न आपल्या आमदारासच विचारावा. नावावर टाळ्या वाजविण्यापूर्वी कलम वाचावे, इतकीच विनंती.